मागून आणलेला सदरा

परतूर, १० जून १९५७

शाळा-समितीच्या बैठकीत आज चार तास बसलो आणि पाठीत उसण भरली. मी या समितीचा चिटणीस. चिटणीसाला मत नसतं, खुर्ची असते. माझी खुर्ची डावीकडे कललेली आहे, त्यामुळे दोन वर्षं मी सगळ्या ठरावांकडे जरा तिरकाच बघतो आहे.

विषय एकच होता, गणवेश. नवे हेडमास्तर एप्रिलात रुजू झाले. सडसडीत माणूस, कमी बोलणारा, सहा मुलांचा बाप. त्यांचं म्हणणं असं की चोवीस तारखेपासून मुलांनी पांढरा सदरा, खाकी अर्धी चड्डी आणि पांढरी टोपी, मुलींनी निळा परकर आणि पांढरं पोलकं घालूनच यायचं. मुली सबंध शाळेत नऊ, म्हणून त्यांच्या कपड्यांवरची चर्चा सर्वांत लांबली.

अध्यक्ष बद्रीनारायण शेठ. गावातलं सर्वांत मोठं कापडाचं दुकान त्यांचं, तेव्हा कल्पना त्यांना ताबडतोब पटली. "शास्त्रीजी, बिलकुल बराबर बात आहे. शिस्त तर पाहिजेच."

मी म्हटलं, "शेठजी, शिस्तीचा पन्हा किती असतो?"

ते पोट धरून हसले. या माणसाची थट्टा करण्यात तोटा हाच, की त्यांना ती लागत नाही.

नऊ वर्षांपूर्वीपर्यंत इकडे वरच्या शाळेत जायचं तर शेरवानी लागे, आणि पोरांच्या माना घामेजत. आता गुडघे उघडे पडतील. राज्य बदललं की मुलांच्या अंगाचा कुठला भाग झाकायचा, हेही बदलत असावं.

नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं. हेडमास्तरांनी विचारलं, "अपवादाचं एखादं कलम ठेवायचं का?" मी पैठणच्या पाठशाळेत वाढलेला. तिथे वाक्यातला एक शब्द वाचवला तरी गुरुजी पाठ थोपटत. मी कलमाऐवजी नियमातच 'अपवादाविना' एवढा शब्द घातला. सहा ओळी वाचल्या. हेडमास्तर म्हणाले, "सुरेख." फार दिवसांनी कुणी मला सुरेख म्हटलं.

२४ जून

गणवेशाचा पहिला दिवस. साप्ताहिकाला चार ओळींची बातमी होईल म्हणून सकाळी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. (औरंगाबादच्या या साप्ताहिकाचा मी परतूरचा वार्ताहर. ते अंक फुकट पाठवतात, मी बातम्या फुकट पाठवतो, हिशेब चोख आहे.)

एकशे ब्याऐंशी मुलं आत गेली. एक बाहेर राहिला.

तो नेमका आमचा कचरू. 'आमचा' म्हणजे समोरच्या खोलीत राहणाऱ्या सगुणाबाईचा. बाप पुंजाराम आष्टीकडे शेती बघतो, आई मुलाच्या शाळेसाठी इथे भाड्याची खोली घेऊन राहते. पोरगा मॅट्रिकच्या वर्गात आहे. संध्याकाळी माझ्याकडे संस्कृतला येतो आणि माझ्या चुका इतक्या अदबीने दाखवतो की आपणच त्याला शिकवतो आहोत असं मला वाटत राहावं. आमच्या हिचा तो लाडका आहे. तो आला की डब्याचं झाकण वाजतं.

आज त्याच्या अंगात जांभळ्या चौकड्यांचा सदरा, बाह्या कोपराच्या वर. विजार कुणा लठ्ठ माणसाची, कमरेला सुतळी. डोक्यावर काळी टोपी.

"काय रे कचरू," मी म्हटलं, "सगळ्या गावाने तुला वर्गणी दिली काय?"

तो हसला. "व्हय गुरुजी."

"गणवेश कुठाय?"

"आई म्हनती, हेच घालायचं."

"आणि बाप?"

"बापू म्हनतेत, आईला इचार."

हेडमास्तरांनी त्याला निंबाखाली उभं केलं. रागावले नाहीत. त्यांच्या काखेत छडी असते, पण ती वापरताना कुणी पाहिलेली नाही.

२९ जून

सहा दिवस झाले, कचरू निंबाखालीच. तिथून खिडकीतलं शिकवणं ऐकतो म्हणे.

गरिबी म्हणावी तर पुंजारामला साठ एकर आहेत. तेव्हा हा कंजूषपणा, दुसरं काय. साप्ताहिकासाठी मजकूर लिहिला. नाव घातलं नाही, पण 'आष्टीकडील एक साठ एकरांचे धनी, ज्यांच्या बैलांच्या पाठीवर रेशमी झूल आणि पुत्राच्या कमरेला सुतळी' असं एक वाक्य जमून गेलं. मोठ्याने वाचून पाहिलं. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "हे छापणार आहेत?" म्हटलं, हो. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. विनोद बायकांना उशिरा कळतो.

८ जुलै

अंक आला. बद्रीनारायण शेठच्या दुकानात माझा मजकूर मोठ्याने वाचला गेला, दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना पुंजाराम दारात उभा होता.

दुपारी तो माझ्याकडे आला. ओट्यावर बसला, पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"शास्त्रीबुवा, तुमी लिव्हलेलं ऐकलं. झुली रेशमी न्हाईत. सुताच्या हायत."

"पुंजारामजी, ते आपलं लिहिण्याच्या ओघात..."

"माह्यावर हसून राह्यले लोक, हसू द्या. पन लिव्हायच्या आधी घरात तरी इचारायचं."

"तुमच्या घरात येऊन कसं विचारणार?"

"माह्या घरात नव्हं. तुमच्या."

आणि चहा न घेता उठला. हिने केलेला चहा बाहेर आणला होता. तो तिने तशीच उभी राहून स्वतः प्यायला. चहा वाया जाऊ न देण्याचा तिचा स्वभाव आहे. पुंजारामच्या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही.

१२ जुलै

समोरच्या खोलीत भांडण. गल्लीत सगळ्यांना ऐकू गेलं, तेव्हा कान दिल्याचा दोष माझा नाही. पुंजारामने लाजेखातर शेठच्या दुकानातून कोरा करकरीत गणवेश शिवून आणला. सगुणाबाईने तो गाठोड्यासकट बाहेर पायरीवर ठेवला.

"ह्ये माह्या घरात आलं न्हाई, म्या पाह्यलं न्हाई. घिऊन जा."

"अगं पन शाळंतून काढून राह्यले पोराला!"

"काढू द्या. शाळंतूनच काढतेत न्हवं?"

पुंजाराम गाठोडं काखेत मारून बसगाडीकडे गेला. संध्याकाळी हेडमास्तरांची नोटीस निघाली: एक ऑगस्टपासून गणवेशाविना कोणी आढळल्यास नाव कमी करण्यात येईल. नाव कमी झालं तर कचरूला मार्चात मॅट्रिकला बसता येणार नाही. नोटिशीतली भाषा माझीच आहे. अजून चांगली वाटते.

१४ जुलै

आज जेवताना हिला सहज विचारलं, "त्या सगुणाबाईला वेडबीड लागलंय का गं?"

ही पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "तिची चार गेली," ती म्हणाली.

"चार काय?"

"लेकरं. कचरूच्या आधीची. थोरला पाच वर्षांचा होऊन गेला. हा झाला तेव्हा याला उकिरड्यावर ठेवलं आणि परक्याचा म्हणून उचलून आणलं. म्हणून कचरू. सोळावं सरेपर्यंत अंगाला घरचं कापड लावायचं नाही. मागून आणलेलं, दुसऱ्याच्या लेकरानं वापरलेलंच घालायचं. म्हणजे तो हिचा आहे हे कुणाला कळत नाही."

'कुणाला' म्हणजे कुणाला, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ही चाल मला ठाऊक नाही असं नाही. तान्ह्या पोरांना मागितलेलं अंगडं घालतात. पण मिसरूड फुटलेल्या मुलाला, वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाला? माझ्या डोक्यातच आलं नाही.

"मग जुना गणवेश मागावा की कुणाकडून."

"जुना आणायचा कुठून? नियम होऊनच महिना झालाय. गावातले सगळे गणवेश नवे. आणि मागताना अमुक द्या म्हणायचं नसतं, देतील ते घ्यायचं. कशासाठी तेही बोलायचं नसतं."

"तुला कसं कळलं मग?"

"मी विचारलं नाही. कळलं."

"आपल्याकडे कधी नाही आली मागायला."

"आपल्याकडे कशी येईल," ती म्हणाली. "लेकुरवाळ्या घरीच जायचं असतं."

तेही खरंच. माझी धोतरं त्या मुलाच्या काय उपयोगाची. आता लक्षात येतं, सगुणाबाई गल्लीत घरोघर फिरते त्या दिवशी ही ओट्यावरून उठून आत जाते. हिला ऊन सोसत नाही.

पोळी जरा करपली होती. खाल्ली.

१५ जुलै

साप्ताहिकाला दुरुस्ती पाठवली: 'झुली सुताच्या आहेत.' संपादक छापतील असं वाटत नाही. त्यांना यात बातमी दिसणार नाही.

१७ जुलै

हेडमास्तरांना भेटलो. नवसाचं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून आडून आडून सांगितलं. कौटुंबिक कारण आहे, श्रद्धेचं आहे, मुलगा हुशार आहे. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं आणि माझ्या हस्ताक्षरातला नियम माझ्यापुढे ठेवला.

"शास्त्रीजी, 'अपवादाविना' हा शब्द तुमचा."

"शब्द माझा, पण मुलगा..."

"एक सांगू? मी शाळेत होतो तेव्हा शेरवानीशिवाय वर्गात घेत नसत. आमच्याकडे शेरवानी नव्हती. शेजारच्या मित्राची जुनी मी घालत असे. एक दिवस गणिताच्या तासाला त्याने सगळ्यांदेखत म्हटलं, आज घरी पाहुणे आहेत, माझी शेरवानी काढ. मी काढली. आत सदरा नव्हता." त्यांनी चष्मा पुसला. "म्हणून मी साध्यातलं साधं कापड ठरवलं. वर्गात बसलेला कुणाचा कोण, हे अंगावरून कळता कामा नये. आज एकाला सोडलं की उद्या शेठजींचा नातू रेशमी सदऱ्यात येईल. मग मी कोणत्या तोंडाने अडवू?"

नियम सक्तीचा असावा का, यावर मी दोन्ही बाजूंनी अग्रलेख लिहू शकतो. हेडमास्तरांची बाजू अधिक चांगली होईल. पण त्या लेखात कचरूला उभं करायला जागा सापडत नाही.

परत येताना जाणवलं की दोघांचं म्हणणं एकच आहे. हेडमास्तरांनाही मूल कुणाचं ते कळू द्यायचं नाही, आणि सगुणाबाईलाही.

२० जुलै

त्या दिवशीचा विचार मनात घोळत होता. म्हटलं सगुणाबाईलाच पटवावं. ती दारात तूर पाखडत होती.

"सगुणाबाई, एक सांगतो. दोनशे पोरं, सगळी पांढऱ्या टोप्यांची. त्यांत तुमचा कुठला ते यमधर्मालाही ओळखू यायचं नाही. चित्रगुप्त खाली येऊन हजेरी घेईल तेव्हा कुठे!"

तिने सूप खाली ठेवलं.

"शास्त्रीबुवा, तुमची थट्टा कळती मला. तुमचा राग न्हाई. पन चार डाव त्येला माहं घर बराबर सापडलं. वाट पुसावी लागली न्हाई."

मी काहीतरी पुटपुटलो आणि घरी आलो. पंचेचाळीस पावलांचं अंतर आहे. फार लांब वाटलं.

२६ जुलै

पाठ दुखते. हिचं घरात लक्ष नाही. तीन दिवस रोज दुपारी हेडमास्तरांच्या घरी जाते. त्यांच्या बायकोशी, द्वारकाबाईंशी, हिची एकाएकी मैत्री जमली आहे. सहा पोरं, घरात धिंगाणा, म्हणून मदतीला जाते म्हणते. आमटी गार होती.

२९ जुलै

नवल झालं. कचरू आज गणवेशात आला! सदरा, चड्डी, टोपी, सगळं. थोडं आखूड, पण निर्दोष. हेडमास्तरांनी त्याला आपादमस्तक पाहिलं आणि "ये आत" म्हणाले. पोराने उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला.

माझी यमधर्माची युक्ती तिला पटली, हे उघड आहे. तेव्हा रागावल्यासारखं बोलली, पण घरी जाऊन विचार केला असणार. मला फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं पाच मिनिटं टिकलं. मागून हेडमास्तरांचा थोरला मुलगा मच्छिंद्र आला. नववीत आहे. अंगात निळ्या पट्ट्यांचा घरातला सदरा.

"गणवेश कुठे?" हेडमास्तर.

"आईनं दिला."

"कुणाला?"

"बाई आल्ती एक. आई म्हणाली, दारात आलेल्याला हाताशी असेल ते द्यावं. दोरीवर माझाच होता."

शिपायानं घंटेचा हातोडा हातातच धरून ठेवला. आपल्या पोराच्या अंगाचं कापड कुठे गेलं ते हेडमास्तरांनी पुरतं ओळखलं. वर्गाच्या दारापर्यंत पोचलेल्या कचरूच्या पाठीकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"बाहेर उभा राहा," ते मुलाला म्हणाले.

मच्छिंद्र निंबाखाली जाऊन उभा राहिला. दुसरा गणवेश शिवून मिळायला आठ दिवस, शेठच्या शिंप्याकडे लग्नाचं काम आहे. एक तारखेची नोटीस सगळ्यांना सारखी आहे. म्हणजे त्या दिवशी हेडमास्तर स्वतःच्या मुलाचं नाव कमी करणार. या माणसाची आजवर थट्टा करायची राहून गेली होती. आता करवणार नाही.

३१ जुलै

तीन दिवस भुरभुर चालू आहे. मच्छिंद्र निंबाखाली. डोक्यावर पाटी धरतो.

आज सगुणाबाई पोराची भाकरी द्यायला फाटकाशी आली आणि तिने त्याला पाहिलं. शिपायाला विचारलं, त्याने सांगितलं. मी तिथेच होतो. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग घट्ट.

ती सरळ आत गेली. हेडमास्तर व्हरांड्यात होते.

"मास्तर, त्ये लेकरू भिजून राह्यलं."

"बाई, नियम आहे."

"तुमचं भिजवायचं आन् माहं आत कोरडं बसवायचं? असलं मागनं फळत न्हाई. मागितलेलं परत देता येत न्हाई, न्हाई तर आत्ता काढून दिलं असतं." आणि वर्गाकडे तोंड करून, "कचरू! चल रं. दप्तर घे."

"आई, भूमिती चालू हाय."

"चल म्हनलं न्हवं?"

कचरू उठला. वह्या गोळा केल्या, मास्तरांना नमस्कार केला आणि आईच्या मागून चालू लागला. निंबाखालून जाताना थांबला. डोक्यावरची टोपी काढून मच्छिंद्रपुढे धरली. मच्छिंद्रने मान हलवली. "दिल्ती ना तुला. ठेव." कचरूने ती घडी करून खिशात घातली.

हेडमास्तर खांबाला धरून उभे होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, हे बरं झालं.

२ ऑगस्ट

समोर बैलगाडी लागली आहे. पुंजाराम सामान भरतो आहे. उद्या सकाळी निघणार. काल दोन्ही मुलं शाळेत नव्हती. हेडमास्तरांनी नाव कमी करायचं रजिस्टर उघडलं आणि तसंच ठेवलं, असं शिपाई सांगत होता.

भर दुपारी हेडमास्तर आमच्याकडे आले. पहिल्यांदाच. चेहरा ओढलेला. म्हणाले, "घरी तीन दिवस कुणी बोलत नाही." पोट बिघडलं असेल असं समजून मी हिला ओव्याचं पाणी आणायला सांगितलं. हिने चहा आणला.

"कलम लिहा," ते म्हणाले.

बसलो. पहिला मसुदा: 'व्रतस्थ विद्यार्थ्यांस सवलत.' हेडमास्तर म्हणाले, सोमवारी अर्धी शाळा व्रतस्थ होईल. खोडलं. दुसरा, कचरूचं नाव घालून. ते म्हणाले, जे बोलायचं नसतं ते लिहायचं कसं? यांना हे कुणी सांगितलं कोण जाणे, मी तर आडूनच बोललो होतो. खोडलं. तिसरा सुरू केला: 'ज्या मातापित्यांची अपत्ये...' पुढचं क्रियापद लिहिता येईना. शाई घट्ट झाली असावी. ही दारात उभी होती. तिने पुढे येऊन तो कागद माझ्या हाताखालून काढून घेतला आणि कोरा ठेवला. कधी नव्हे ते माझ्या लिखाणात हात घातला.

शेवटी हेडमास्तरांनीच टाक घेतला आणि एक ओळ लिहिली:

'हेडमास्तरांनी फाटकातून आत घेतलेला विद्यार्थी गणवेशात आहे असे समजावे.'

मी वाचलं. "पण हा अपवाद नव्हे."

"नव्हेच. अपवाद ठेवायचा नाही असं आपलं ठरलंय."

"आणि शेठजींचा नातू रेशमी सदऱ्यात आला तर?"

"त्याला मी आत घेणार नाही. शिव्या खाईन." ते उठले. दारात म्हणाले, "परवापर्यंत मला वाटे, नियम केला की माणूस सुटतो."

संध्याकाळी अध्यक्षांच्या सहीसाठी दुकानात गेलो. बद्रीनारायण शेठनी कागद उलटसुलट पाहिला.

"शास्त्रीजी, ह्याचा मतलब काय?"

"मतलब असा की नियम फार कडक आहे."

"मंग बराबर," म्हणून त्यांनी सही ठोकली.

३ ऑगस्ट

सकाळी बैल जुंपायच्या आत गाडीशी गेलो. सगुणाबाई वर बसली होती, मांडीशी जातं. कागद वाचून दाखवला.

"त्यात माह्या लेकराचं नाव हाय?"

"नाही."

"त्या चौघांचं?"

"नाही. कुणाचंच नाही."

"पुन्हा वाचा."

पुन्हा वाचला. तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, थट्टा तर नाही ना म्हणून. मग जातं पुंजारामकडे सरकवलं.

"उतरवा."

"आगं आत्ता तर बांधलं सगळं!"

"मंग सोडा. शेतकऱ्याला दोरीची गाठ सुटंना व्हय?"

पुंजारामने माझ्याकडे पाहिलं. "शास्त्रीबुवा, ह्ये पेपरात घालू नका." मी म्हटलं, नाही घालणार. मग मीही एका बाजूने जातं धरलं. उसण भरलेल्या जागीच पुन्हा भरली.

५ ऑगस्ट

फाटक. हेडमास्तर नेहमीच्या जागी. मुलांच्या पांढऱ्या रांगेत शेवटी कचरू, जांभळ्या चौकड्या, कमरेला सुतळी. मच्छिंद्रचा गणवेश, त्याला नवा शिवून मिळेपर्यंत, सगुणाबाईने बाजूला ठेवला आहे. कचरूच्या मागे मच्छिंद्र, निळे पट्टे. हेडमास्तर कचरूजवळ गेले, त्याच्या दंडाला धरलं आणि फाटकातून आत आणलं. मग मुलाकडे वळले. त्यालाही दंडालाच धरलं, पण जरा जास्त वेळ.

मला वाटतं, माझ्या सतरा तारखेच्या बोलण्याचा त्यांच्यावर परिणाम झाला. घरी येऊन हिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "झाला असेल." द्वारकाबाईंकडे जाणं तिने आता कमी केलं आहे. पोरं सुधारली असावीत.

१२ ऑगस्ट

हेडमास्तरांच्या ओळीतला शेवटचा शब्द उचलून पोरांनी कचरूचं नवं नाव पाडलं आहे: समजावे. 'ए समजावे, चेंडू टाक.' 'समजावे, भूमितीचं सांग.' मला वाईट वाटलं. एवढं सगळं करून शेवटी पोराच्या नशिबी टवाळीच. सगुणाबाईला आधी आपणच सांगावं म्हणून गेलो. हेडमास्तरांकडे तक्रार करतो म्हणालो.

तिने नाव मला दोनदा म्हणायला लावलं. मग हसली. गल्लीत दोन वर्षं राहते, हसताना मी पहिल्यांदा पाहिली.

"म्हनू द्या की! कचरू नाव आता सगळ्याला ठाव झाल्तं. ह्या नावाचा पोरगा कुनाला सापडायचा न्हाई."

"सोळावं कधी सरतं?"

"माघात."

"म्हणजे परीक्षेआधी. मग नवं कापड चालेल."

"चालंल न्हवं, घालायचंच. पह्यला सदरा दुर्गाबाईच्या हातचा. त्यायला इचारलंय मी."

दुर्गाबाई म्हणजे आमची ही. मला यातलं काही कुणी सांगितलेलं नव्हतं. "हो म्हणाली?"

"हो म्हनायच्या आधी रडल्या. मंग म्हनल्या, हो. काल दोघी शेठच्या दुकानात जाऊन कापडबी पाहून आलो."

"पांढरं ना?"

"न्हाई हो," सगुणाबाई म्हणाली. "त्यायनी लाल निवडलं. चांगलं लालभडक."

म्हणजे माघापासून परीक्षेपर्यंत हेडमास्तरांना त्या पोराला रोज दंडाला धरून आत घ्यावं लागणार. त्यांना हे आज सांगावं की उद्या, याचा विचार करतो आहे. घरी आलो तेव्हा ही जुन्या कागदावर सदऱ्याचं माप काढत बसली होती. कुणाचं माप, ते मी विचारलं नाही. कागद उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर हात ठेवून बसलो.